गडचिरोलीत नक्षलवाद का रुजला, आणि आता पुढे काय करायला हवं?

मीठागर

१५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा बडा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती गडचिरोलीत ६० साथीदारांसह शरण आला. त्या रात्री आमच्याकडे बातम्या चालू होत्या. नववीतल्या मुलाने जेवता जेवता विचारलं, "आई, हे लोक मुळात जंगलात गेलेच का?"

मी म्हटलं, गरिबी, अन्याय. तो म्हणाला, "गरीब तर आपल्या मुलुंडमध्येही आहेत. नाल्यापलीकडच्या कुणी बंदूक घेतली नाही." मला पुढे बोलता आलं नाही आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये.

गडचिरोली नावाला माझ्याच राज्यात. मी नागपूरच्या पुढे कधी गेले नाही. म्हणून इथे विचारते. १९६७ साली बंगालमधल्या नक्षलबारीत सुरू झालेली गोष्ट आपल्या जंगलात येऊन चाळीस-पंचेचाळीस वर्षं कशी टिकली? आणि आता बंदुका खाली पडत असताना काय केलं तर त्या पुन्हा उचलल्या जाणार नाहीत? ज्यांनी तिकडचं काही पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा. टीव्हीवरच्या घोषणा ऐकून झाल्या आहेत.

चाफेकळी

वाचतेय. चांगला धागा.

मोजमाप

तुमच्या मुलाचा प्रश्न अगदी बरोबर आहे. "गरिबी म्हणून नक्षलवाद" हे समीकरण मला कधीच पटलं नाही.

मेळघाट घ्या. १९९३ मध्ये तिथले बालमृत्यू देशभर गाजले. नंदुरबार घ्या, मानव विकासाच्या कुठल्याही यादीत तळाला. दोन्हीकडे जंगल, डोंगर, आदिवासी, उपासमार, सावकार सगळं आहे. दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी, मात्र नाही. मग गडचिरोलीतच का?

कारण ती जागा निवडली गेली. १९८० साली आंध्रात कोंडापल्ली सीतारामय्यांनी पीपल्स वॉर ग्रुप काढला आणि त्याच वर्षी छोट्या तुकड्या प्राणहिता-गोदावरी ओलांडून सिरोंचा-अहेरी आणि बस्तरमध्ये पाठवल्या. तेलंगणात पोलिसांचा रेटा वाढला तर मागे सरकायला जागा हवी होती. तीन राज्यांच्या सीमा, घनदाट जंगल, पावसाळ्यात चार महिने तुटणारी गावं. म्हणजे आधी युद्धाचा नकाशा आला, गरिबांची कणव नंतर. आणि ज्या विचारसरणीत निवडणूक, न्यायालय, संविधान सगळंच मोडून काढायचं ठरलंय, तिला विकासाने उत्तर देता येतं यावर माझा विश्वास नाही.

वैनगंगाकाठ

मी धानोरा तालुक्यातली. गेली अकरा वर्षं कल्याणला नर्स आहे. मोजमाप, तुम्ही लिहिलेलं खोटं नाही. नकाशा त्यांच्याकडे होताच. पण अनोळखी भाषा बोलणारी पाच-सहा माणसं खांद्यावर बंदूक घेऊन गावात येतात आणि गाव त्यांना भात वाढतं, ते का, हे नकाशात दिसत नाही.

माझ्या बाबांची तीन एकर जबरानजोत होती. हा शब्द मुंबईत कुणाला माहीत नसेल. वनखात्याच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या केलेली शेती. आजोबांनी जंगल तोडून बांध्या केल्या, पण कागदावर ते अतिक्रमण. दरवर्षी धान कापणीला आलं की जंगलखात्याचा माणूस यायचा. आई सांगायची, "साहेब आला का कोंबडा त जातेच, वरतून शिव्या." पैसे मागायचे. नसले तर बैलजोडी आणि नांगर जप्त. एका वर्षी बाबांना तीन दिवस तालुक्याला बसवून ठेवलं. गुन्हा काय, तर स्वतःचं घर दुरुस्त करायला चार बांबू तोडले.

आता तेंदूपत्ता. एप्रिल-मे महिन्यात पहाटे चार-पाचला बाई-माणूस-पोरं सगळे जंगलात. दुपारी पानं घरी आणायची, सत्तर पानांचं एक पुडकं बांधायचं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, नेऊन द्यायचं. ठेकेदाराचा मुनशी बघणार, ही पानं लहान, ही फाटकी, शंभर पुडक्यांतली दहा-पंधरा अशीच कटणार. वर मोजणीत मारणार. माझ्या आईला शंभरापुढे मोजता येत नव्हतं, तिने कुणाशी भांडायचं?

मोठ्या माणसांकडून ऐकलंय, हे लोक आले तेव्हा त्यांना "अन्ना" म्हणत, कारण तेलुगू बोलत. नंतर गोंडी-माडिया शिकले आणि "दादा" झाले. त्यांनी मार्क्स-माओ सांगितला असेल नसेल, पण पहिला प्रश्न विचारला, "पुडक्याचे किती देतात?" मग ठेकेदाराला गाठलं आणि दर वाढला. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी बांबू कापायचे त्याचीही मजुरी वाढली. जंगलखात्याचा माणूस गावात यायला घाबरू लागला. कोंबडा वाचला. ज्याच्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा कुणी भांडलं, तो विचारसरणी विचारत बसत नाही.

पुढचंही लिहिते, कारण अर्धं सांगणं बरं नाही. मी सातवीत असताना माझ्या आत्याच्या नवऱ्याला रात्री घरातून नेलं. पोलिसांना भेटतो असा संशय. तो तालुक्याला जायचा तो रेशनचं कार्ड काढायला. सकाळी रस्त्यावर सापडला, छातीवर चिठ्ठी होती. आत्याने रडायचं नाही, कारण रडली तर तीही खबऱ्याची बाई. तेराव्या दिवशी पोलीस आले आणि तिला विचारू लागले की दादालोक तुमच्याकडे जेवायला कधी आले होते.

मीठागर

वैनगंगाकाठ, तुमचा प्रतिसाद मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवला. दोघंही गप्प झालो.

दमणगंगा

मी तलासरीचा, वारली. सध्या बोरिवलीत शाळेत शिकवतो. मोजमाप यांनी "गडचिरोलीतच का" असं विचारलं. मी उलटं विचारतो. आमच्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये, का नाही? मुंबईपासून दीडशे किलोमीटरवर तेच जंगल, तीच वेठ होती.

आमच्याकडे "लगीनगडी" हा प्रकार होता. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघं त्याचे गडी. कर्ज फिटत नाही, मग मुलंही गडी. वेठीला नाही म्हटलं तर झाडाला बांधून मारायचे. माझ्या आजोबांच्या पाठीवर वळ होते, मी लहानपणी बोट फिरवून पाहिलेत.

२३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. तिथे ठरलं की वेठ करायची नाही आणि ठरलेल्या मजुरीशिवाय सावकाराच्या शेतावर जायचं नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसं मेली. पहिला जेठ्या गांगड. त्या वेळी कुणी रायफली आणून दिल्या असत्या तर? आजोबा म्हणायचे, घेतल्या असत्या. पण लोकांच्या हातात लाल बावटा होता, गावोगावी सभा होत्या आणि परुळेकर बाई तडीपार होऊनही सुटत नव्हत्या. वेठ संपली. पुढे कूळकायदा आला, निवडणुका आल्या, आमचे आमदार-खासदार झाले. अजूनही भांडण चालूच आहे, पण ते मोर्चाने चालू आहे.

नंदुरबारचंही तेच. १९७२ च्या आसपास शहाद्यात अंबरसिंग सुरतवंतीसारखा भिल्ल समाजातला कार्यकर्ता उभा राहिला, श्रमिक संघटना झाली, गेलेल्या जमिनी परत मागितल्या गेल्या. दलमला तिथे शिरायला फट मिळाली नाही, कारण लोकांची स्वतःची संघटना आधीच होती. माझ्या मते उत्तर इथे आहे. उपास सगळीकडे होता. जिथे त्या उपासाला तोंड नव्हतं तिथे बंदूक बोलली.

चाफेकळी

शेवटची दोन वाक्यं वहीत लिहून घेतली.

एकतारा

दमणगंगा सर, खूप आवडलं, पण एक हरकत. संघटना असली की बंदूक येत नाही हा नियम टिकत नाही.

नक्षलबारीतच किसान सभा होती. कानू सन्याल, जंगल संथाळ अनेक वर्षं तिथल्या बटाईदारांत आणि चहामळ्यांत काम करत होते. आंध्रातल्या श्रीकाकुलममध्ये वेंपटापू सत्यनारायण हा शाळामास्तर गिरिजनांना, म्हणजे डोंगरातल्या आदिवासींना, मजुरी आणि जमिनीसाठी संघटित करत होता, अगदी तुमच्या झरीसारखं. ३१ ऑक्टोबर १९६७ ला सभेला निघालेल्या दोन गिरिजनांना लेविडी गावात जमीनदारांच्या माणसांनी गोळ्या घातल्या. न्याय मिळाला नाही आणि ती संघटना सशस्त्र लढ्याकडे गेली. म्हणजे संघटना असणं पुरेसं नाही, समोरून उत्तर काय येतं यावर पुढचं ठरतं.

याची दुसरी बाजूही आहे. बंगालमध्ये १९७८ ला ऑपरेशन बर्गा सुरू झालं. अधिकारी संध्याकाळी गावात कंदिलाच्या उजेडात बसून बटाईदारांची नावं लिहून घेत. सुमारे १४ लाख बर्गादारांची, म्हणजे बटाईदारांची, नोंद झाली, त्यांना जमिनीवरून हाकलणं बेकायदा झालं. नक्षलबारीच्या चळवळीचे नेते चारू मजुमदार १९७२ लाच कोठडीत वारले होते, पण पोलिसांनी मोडलेली चळवळ बंगालच्या शेतीपट्ट्यात पुन्हा उभी राहिली नाही, त्याचं मोठं श्रेय मी त्या नोंदवहीला देतो. आणि बंगालमध्ये ती नंतर परत आली कुठे, तर जंगलमहाल या पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यात. जिथे बटाईची नोंद नव्हे, जंगलाचा हक्क हा प्रश्न होता.

ऑपरेशन बर्गामागचे एक प्रमुख अधिकारी देबू बंद्योपाध्याय. केंद्राच्या नियोजन आयोगाने नक्षलग्रस्त भागांच्या प्रश्नांवर तज्ज्ञगट नेमला तेव्हा त्याचे अध्यक्ष हेच. अहवाल २००८ चा. त्यात जमीन, विस्थापन, जंगल, मजुरी आणि रोजचा अपमान ही कारणं सरळ लिहिली आहेत. सरकारच्याच कागदात.

जुनापरळ

थोडं विषयाबाहेर, पण राहवत नाही. १८ जानेवारी १९८२ ला आमच्या गिरणीचा भोंगा बंद झाला. अडीच लाख कामगार संपावर. वडील परत कामावर गेलेच नाहीत. आमच्या चाळीत लोकांनी भांडी विकली, पोरं शाळेतून काढली. काही पोरं टोळ्यांत गेली, हातात घोडा (पिस्तूल) आला, पण क्रांतीचा नव्हे. बाकीच्यांना गाव होतं. कोकणात, साताऱ्यात चार गुंठे का होईना, नावावर जमीन होती. वडील सहा महिने गावी जाऊन नाचणी पेरून आले.

गडचिरोली जिल्हा झाला तोही १९८२ लाच, ऑगस्टमध्ये. आमच्या घरी तेव्हा त्याची बातमीही कुणी वाचली नसेल. आज वैनगंगाकाठ यांचं वाचून वाटलं, आम्हाला परतायला नावावरचा तुकडा होता, त्यांच्याकडे तोच नव्हता.

मोजमाप

जुनापरळ, विषयाबाहेर अजिबात नाही.

मी माझ्या म्हणण्यात दुरुस्ती करतो. जागा त्यांनी निवडली हे खरं, पण त्या जागेत पोकळी होती हेही खरं. तरीही एक प्रश्न उरतो. दर वाढवून दिला, जंगलखात्याला हटवलं, मग तीस-चाळीस वर्षांत लोकांचं भलं का झालं नाही?

खाकी_निवृत्त

मी इथे कधी लिहीत नाही. पण हा धागा तीन दिवस वाचतोय.

२००९ साली मी त्या जिल्ह्यात होतो. फेब्रुवारीत मरकेगावला नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात १५ पोलीस मारले गेले. मे महिन्यात हत्तीगोटाच्या जंगलात १६, त्यांत पाच महिला. ऑक्टोबरला लाहेरीला १७. एका वर्षात. त्यांतली बरीच मुलं त्याच जिल्ह्यातली, सी-६० या पोलिसांच्या खास नक्षलविरोधी दलात भरती झालेली. माडिया पोरगा मारणारा आणि माडिया पोरगा मरणारा. एका शवपेटीबरोबर मी गावात गेलो होतो. त्याच गावातली एक मुलगी दलममध्ये होती. तिची आई या मुलाच्या आईजवळ येऊन बसली. दोघी काही बोलल्या नाहीत. मला आजही तेवढंच आठवतं.

आता मोजमाप यांच्या प्रश्नाला मी जे पाहिलं त्यावरून उत्तर. दलमचा पैसा यायचा कुठून? तेंदूच्या ठेकेदाराकडून, बांबूच्या ठेकेदाराकडून, रस्त्याच्या ठेकेदाराकडून. दर वाढवून देणारेच त्या ठेकेदाराकडून हप्ता घेऊ लागले. ठेकेदार गेला तर दोघांचं बिऱ्हाड उठणार. म्हणून शाळा उडवली, रस्ता खणला, मोबाइलचा टॉवर जाळला, आणि ठेकेदार मात्र दर हंगामात आला.

शरण आलेल्यांशी खूप बोललोय. बहुतेक जण पंधरा-सोळाव्या वर्षी गेलेले. कुणी गाणी-नाच बघून, कुणी घरातल्या माराला कंटाळून, कुणी भाऊ पोलिसांनी उचलला म्हणून. लग्न करायचं तर आधी नसबंदी करावी लागायची. बाहेर आल्यावर कित्येकांची पहिली मागणी घर किंवा पैसे नसते. ती शस्त्रक्रिया उलटवून द्या, मूल हवंय. आम्ही डॉक्टर गाठून दिले. एकाच्या बारशाला मी जाऊन आलोय.

आणि माझ्या खात्याबद्दलही लिहितो. गावात जाऊन आम्ही संशयाने बोललो, हात उचलले, निरपराध माणसं आत टाकली आणि ती वर्षानुवर्षं तारखा मोजत बसली. शेजारी छत्तीसगडमध्ये सलवा जुडूम या सरकारच्या पाठबळावरच्या नक्षलविरोधी मोहिमेने स्थानिक पोरांना विशेष पोलीस करून गावंच्या गावं उठवली, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये त्या विशेष पोलिसांची व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. त्या काळात दलमची भरती वाढली हे आम्हाला सीमेच्या अलीकडूनही कळत होतं. आता पोलीस ठाण्यांतून दादालोरा खिडकी चालते. जातीचा दाखला, आधार, योजनांचे अर्ज. काम चांगलं आहे, मला अभिमान आहे. पण तलाठी, ग्रामसेवक, डॉक्टर, मास्तर या सगळ्यांचं काम पोलीस करतोय हे कायमचं असू नये. बंदूकवाल्याकडूनच दाखला घ्यायचा, एवढीच गावाची सरकारशी ओळख राहिली तर ती ओळख कच्ची.

चाफेकळी

काका, लिहीत जा. प्लीज.

वैनगंगाकाठ

काका, नमस्कार करते. त्या दोन आया माझ्याच गावच्या असतील असं वाटून गेलं.

काकांनी ठेकेदाराचं लिहिलं, माझं म्हणणं तिथूनच पुढे जातं. दादांनी दर वाढवून दिला, पण मालकी दिली नाही. सरकारनेही कधी मजुरी वाढवली, कधी घरकुल दिलं, मालकी दिली नाही. जंगल आधी राजाचं-जमीनदाराचं, मग इंग्रजांचं, १९२७ च्या कायद्याने वनखात्याचं, मग दलमचं. आमचं कधीच नाही. इंग्रजांशी लढलेले बाबुराव शेडमाके १८५८ ला चांदाच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, तुरुंगात फासावर गेले तेव्हापासून आम्ही हेच म्हणतोय.

माझ्याच तालुक्यात मेंढा-लेखा आहे. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार", ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तीसेक वर्षं गावाबरोबर बसून काम केलं. प्रत्येक निर्णय सर्वांच्या सहमतीने, एकाची हरकत असेल तर पुन्हा बसायचं. त्याचं मूळ १९८४ च्या जंगल बचाव मानव बचाव आंदोलनात आहे. इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम ही दोन धरणं तेव्हा लोकांनी एकही गोळी न झाडता थांबवली. म्हणजे दमणगंगा सर म्हणतात ती संघटना आमच्याकडेही होती, फक्त थोड्याच गावांत पोचली.

२००६ चा वनहक्क कायदा आला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडचा. हक्क तुमचा, परवाना आमचा! एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. मी तेव्हा बारावीत होते. बाबा सायकलने बघायला गेले होते. परत येऊन एवढंच म्हणाले, "पुस्तक देल्लं." रात्री झोपले नाहीत. चार बांबूंसाठी तीन दिवस बसलेला माणूस होता तो.

आता जिल्ह्यात हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. कितीतरी ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करतात. कोरचीत नव्वद ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आणि बायकांना तिथे बरोबरीने बसवलं. जिथे ग्रामसभा विकते तिथे मुनशी पुडकं कापत नाही, आणि ज्याला हप्ता मागायचा तो ठेकेदार मालक नसून गिऱ्हाईक होतो. उपाय काय असं मीठागरताईंनी विचारलंय. माझ्यासाठी उपाय म्हणजे हा.

एकतारा

आणि बाबांची जबरानजोत?

वैनगंगाकाठ

वैयक्तिक दावा २०१० ला केला, २०१६ ला पट्टा मिळाला. तीन एकर मागितली, पावणेदोन आली. पण बाबांचं आणि आईचं, दोघांचं नाव आहे त्यावर.

मोजमाप

हे वाचून मत बदलतंय, लपवत नाही. पण मी हिशोबाच्या धंद्यातला माणूस, म्हणून एक काळजी. ग्रामसभा विकते म्हणजे कोट्यवधींची उलाढाल अशा लोकांच्या हाती, ज्यांना गिऱ्हाईक सहज फसवू शकतं. ठेकेदाराने पानं उचलली आणि पैसे बुडवले तर?

वैनगंगाकाठ

बुडवतातच. काही वर्षी भाव खूप चढला, पुढच्या वर्षी व्यापाऱ्यांनी एकी केली आणि भाव पाडला. कित्येक गावांचा बोनस अडकला. करारनामा व्यापारी लिहून आणतो, गाव सही करतं. आगाऊ रक्कम किती घ्यायची, बँक हमी म्हणजे काय, वही कशी ठेवायची हे शिकवणारं कुणी नाही. ग्रामसभेकडे स्वतःचं खेळतं भांडवल असतं तर मजुरी आधी देऊन पानं गोदामात ठेवता आली असती, भाव आल्यावर विकली असती. आज पानं तोडली की मजुरीसाठी व्यापाऱ्याचं तोंड बघावं लागतं.

दमणगंगा

सूरजागडबद्दल कुणीच लिहिलं नाही. एटापल्लीच्या त्या डोंगरात उच्च प्रतीचं लोहखनिज आहे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथे पाऊणशेहून जास्त वाहनं जाळली. २०२१ पासून खाण जोरात चालू आहे आणि आता पोलादाचे मोठे प्रकल्प येत आहेत. त्या डोंगरावर ठाकुरदेवाची जत्रा भरते, सत्तर गावांचा इलाखा आहे तो. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा. ग्रामसभेला विचारल्याशिवाय होऊ नये असं ज्या कायद्याचं म्हणणं, त्याच जिल्ह्यात खाणीला विरोध करणारा माणूस लगेच नक्षल समर्थक ठरतो. सनदशीर बोलणाऱ्याचं तोंड असं बंद केलं तर आपण पुन्हा १९८० ला जाऊन उभे राहू.

खाकी_निवृत्त

सर, अर्धं मान्य. खाणीत आज हजारो स्थानिक पोरं कामाला आहेत, शरण आलेलेही आहेत. महिन्याला पगार खात्यात येतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाने पहिल्या पगारात आईला साडी आणि गावाला क्रिकेटचा संच घेतला. त्याला मी खाण वाईट आहे असं सांगू शकत नाही. पण ट्रकांनी रस्त्यांची आणि माणसांची जी गत केली आहे तीही पाहिली आहे. आणि विरोध करणाऱ्याला नक्षल म्हणणं चूक, हे मी नोकरीत असतानाही वरिष्ठांना सांगत होतो. हातात दगडही न घेता बोलायला आलेला माणूस हा पोलिसांचा मित्रच असतो, कारण तो बोलतोय तोवर बंदूक येत नाही.

मोजमाप

दोघांनाही एक जोडतो. खाणीचं आयुष्य संपतं, तेंदू दरवर्षी फुटतो. पगार हवाच, पण त्या डोंगराच्या उत्पन्नात गावाचा हिस्सा कायद्याने बांधलेला हवा आणि तो किती, कुठे खर्च झाला, हे ग्रामसभेत गोंडी-माडियात वाचून दाखवलं गेलं पाहिजे.

वैनगंगाकाठ

गोंडीत वाचून दाखवलं, हे तुम्ही सहज लिहिलंत, पण खूप मोठी गोष्ट लिहिलीत. मी पहिलीत गेले तेव्हा मला मराठीचा एक शब्द येत नव्हता. गुरुजींना गोंडीचा येत नव्हता. दोन वर्षं मी मान हलवून काढली. माझ्या वर्गातल्या चौदा जणांतले आम्ही तिघंच दहावीपर्यंत गेलो. बाकीच्यांची शाळा "समजत नाही" म्हणून सुटली. दलमवाले मात्र गोंडीत गाणी म्हणायचे. पोरांना कळणारी तेवढीच शाळा होती ती.

मीठागर

परत मूळ प्रश्नाकडे येते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत आलेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च मी मुलुंडला हायवेवर पाहिला होता. त्यांत बहुसंख्य आदिवासी, मुख्य मागणी वनहक्काच्या जमिनीची. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी पाणी, बिस्किटं, चपला नेल्या होत्या. एका आजींच्या तळपायाची कातडी सोलून निघाली होती. मी चप्पल पुढे केली तर त्यांनी आधी माझ्या मुलाच्या गालाला हात लावला आणि विचारलं, "परीक्षा आहे का रे?" दहावीच्या मुलांना त्रास नको म्हणून सोमय्या मैदानातून ते सगळे रात्रीच आझाद मैदानाकडे चालत गेले.

मला तेव्हा वाटलं होतं की त्या सहनशील आहेत. आज हा धागा वाचून कळतंय की त्या झरीच्या वाटेने चालत होत्या, आणि त्यांना आपल्याकडून चपलांपेक्षा जास्त काही हवं होतं. मुलाला मी काल सांगितलं, ज्याचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं आणि ज्याच्या नावावर काही नव्हतं, त्याच्याकडे बंदूक घेऊन कुणीतरी पोचलं. तो म्हणाला, मग आता बंदूकवाले गेले तर आधी कोण पोचणार?

जुनापरळ

पोराला शाब्बास.

मोजमाप

वैनगंगाकाठ, सरळ विचारतो. माझ्या ओळखीचे तीन-चार सीए आणि एक वकील आहेत, दोघं निवृत्त. ग्रामसभेच्या पोरापोरींना वही ठेवणं, करारनामा वाचणं, बँक हमी मागणं हे शिकवायला आलो तर चालेल का? फुकट राबायची तयारी आहे, पण तिथल्या लोकांना हवं असेल तरच.

वैनगंगाकाठ

कोरचीच्या एका ताईंशी आजच फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, या, पण ग्रामसभेत बसून सगळ्यांसमोर सांगायचं, वेगळं पुढाऱ्याच्या घरी नाही. लिलावाच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत आलात तर उपयोग. एप्रिलच्या शेवटी येऊ नका, गावात कुणी भेटणार नाही, सगळे पहाटेच जंगलात. राहायची सोय होईल. जेवायला भात आणि आंबील.

खाकी_निवृत्त

वडशापर्यंत रेल्वे आहे. तिथून पुढचे रस्ते मला पाठ आहेत. मीही येतो, साध्या कपड्यात.

दमणगंगा

करारनाम्याचे कठीण शब्द मी सोप्या मराठीत लिहून देतो. गोंडीत कोण करेल?

वैनगंगाकाठ

मी. रात्रपाळी संपली की बसते. कागद पाठवा.